१९८७ चा टूरिंग कार हंगाम वागळे इस्टेटच्या गाळ्यात: प्रकल्प नोंदी

२७ एप्रिल २०२५

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला मेहुण्याचा गाळा फेब्रुवारीपासून रिकामा पडलाय. वीस बाय दहा, पत्र्याचं छप्पर, पश्चिमेला एकच खिडकी. तो म्हणाला, "नोव्हेंबर संपेपर्यंत वापरा, डिसेंबरात माझा माल येणार." म्हणजे हातात सात महिने. त्यात लाकडी स्लॉट कार ट्रॅक बांधायचा आणि १९८७ च्या जागतिक टूरिंग कार अजिंक्यपद स्पर्धेच्या अकराही फेऱ्या त्याच क्रमाने पळवायच्या: माँझा, हारामा, दिजाँ, न्युरबर्गरिंग, स्पा, ब्रनो, सिल्व्हरस्टोन, बाथर्स्ट, काल्डर, वेलिंग्टन, फुजी.

१९८७ च का, असं भाच्याने विचारलं. कॉलेजात असताना नौपाड्यात रद्दीवाल्याकडे परदेशी मोटार मासिकांचा एक गठ्ठा मिळाला होता, तो मी अजून जपून ठेवलाय. त्यात हा हंगाम होता. गाड्या रस्त्यावर विकल्या जाणाऱ्याच. ग्रुप ए या शर्यतीच्या वर्गाच्या नियमानुसार बारा महिन्यांत त्या गाडीचे ५००० नग तयार व्हायला हवेत, तेव्हाच ती शर्यतीला चालणार. बीएमडब्ल्यूची एम३ त्या नियमासाठीच जन्मली. गुण हवे असतील तर प्रत्येक गाडीमागे साठ हजार डॉलर नोंदणी शुल्क होतं. स्पर्धा एकच वर्ष चालली, बंद पडली आणि २००५ साली नव्याने उभी राहिली. त्या एका वर्षात निकाल जेवढे रस्त्यावर लागले, जवळजवळ तेवढेच शर्यतीनंतरच्या तपासणीत मोजपट्टीवर लागले. त्यामुळे तो हंगाम माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

ज्यांनी स्लॉट कार पाहिली नाही त्यांच्यासाठी: गाडी खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या भागाएवढी. तिच्या नाकाखालचं पातं ट्रॅकच्या खाचेत बसतं. खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या पट्ट्या असतात, त्यांतून १२ व्होल्ट मिळतात. स्टिअरिंग नाही, हातात फक्त एक ट्रिगर. वळणावर जास्त दाबला की गाडी बाहेर.

आकार बाथर्स्टच्या माउंट पॅनोरमाचा घ्यायचं ठरलं. खरा ट्रॅक ६.२१३ किलोमीटरचा. ३२ ने भागलं तर १९४ मीटर. चढ १७४ मीटरचा, म्हणजे आमच्याकडे ५.४ मीटर, आणि गाळ्याचं छप्परही तेवढं उंच नाही. तेव्हा प्रमाण सोडून दिलं. एक बाजू चढाची, वर नागमोडी वळणं, मग लांब उतार आणि खालचं ‘चेस’ वळण, एवढी खूण राहिली तरी पुरे. ‘चेस’ १९८७ च्या शर्यतीसाठीच नव्याने बांधलं होतं.

४ मे

आठ बाय चारच्या दोन शीट एकापुढे एक ठेवायच्या. १२ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदाने दाबून केलेली शीट), शीटला १६५० रुपये. आमच्या इमारतीत कायम काम करणारे सुतारकाका बरोबर होते. त्यांनी दुकानातच सांगितलं, "दादा, एचडीएचएमआर घ्या. पत्र्याखाली पावसाळा काढायचाय ना?" एचडीएचएमआर म्हणजे ओलाव्याला टिकणारी जास्त घट्ट शीट. तिची किंमत जवळजवळ दुप्पट होती. मी म्हटलं, १० जूनच्या आत रंगवून सगळं बंद करतो. शीटमागे तेराशे रुपये वाचवले. हे पैसे पुढे कुठे गेले ते खाली आहेच.

खालची चौकट पाइनच्या पट्ट्यांची. स्क्रू, गोंद धरून २४०० रुपये.

११ मे

खाच मारायला दोन रविवार लागले. माप: रुंदी ३ मिमी, खोली ७ मिमी, दोन खाचांमधलं अंतर ९० मिमी.

वळणं मारायची युक्ती सुतारकाकांची. भिंतीवर वायर झाकायला इलेक्ट्रिशियन वापरतात ती पीव्हीसीची केसिंग पट्टी घ्यायची. ती हवी तशी वळते आणि झटका न देता सलग वळते. पेन्सिलच्या रेघेवर पट्टी वळवून दर चार इंचांवर बारीक खिळा मारायचा आणि राउटर (खाच मारायचं यंत्र) तिला टेकवून चालवायचा. पहिल्या खाचेची पट्टी उचलून ९० मिमीवर सरकवायची नाही, वळण बिघडतं. पहिल्या खाचेवरून माप घेत दुसरी रेघ नव्याने आखावी लागते. हे कळायच्या आधी वरच्या एका वळणात दोन खाचा इतक्या जवळ आल्या की तिथे दोन गाड्या शेजारून जाऊच शकत नव्हत्या. ती खाच लाकडाचा भुसा आणि गोंदाने बुजवून परत मारली. अर्धा दिवस गेला.

राउटरला साधी एचएसएस (स्टीलची) बिट घेऊ नका. ११० रुपयांच्या दोन घेतल्या. एमडीएफमधल्या गोंदाने पहिली सहा मीटरवर काळी पडली, दुसरी तुटली. कार्बाइडची ३४० ला मिळाली आणि एकीनेच उरलेला सगळा ट्रॅक झाला. एका दमात ७ मिमी खोल जायचं नाही, दोन वेळा साडेतीन-साडेतीन. मास्क लावा, साधा कापडी नको. पहिल्या रात्री मी आणि भाचा दोघंही खोकत होतो.

एका खाचेची लांबी साडेतेरा मीटर भरली.

१८ मे

चढ आधी ४५ सेंटिमीटर ठेवला होता. गाडी वर पोचता पोचता दम तोडायची, आणि पोचलीच तर माथ्यावर पातं खाचेतून निघून थेट भिंतीवर. २२ सेंटिमीटरवर आणला. माथ्यावरची कड एकदम मोडायची नाही, निदान दोन फुटांत हळूहळू सपाट व्हायला हवी. सुतारकाकांचे तीन दिवसांचे ३९०० रुपये दिले. त्यांनी चौथा दिवस लावला नाही, ते स्वतः थांबून बघत होते. जाताना म्हणाले, "मला एक गाडी ठेवा."

२६ मे

आज सकाळपासून धो धो. हवामान खात्याने मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं, इतक्या वर्षांत एवढा लवकर कधीच नव्हता. नेहमीची तारीख ११ जून. माझा सगळा हिशेब त्या तारखेवर होता. रंग उघडलेलाही नाही.

संध्याकाळी गाळ्यावर गेलो. पत्र्याच्या दोन जोडांतून गळत होतं, आणि एक धार बरोबर उताराच्या मध्यावर. प्लास्टिक टाकलं, शीट पुसली, पंखा लावून आलो.

१ जून

खाच मोजली. जिथे पाणी पडलं नव्हतं तिथेसुद्धा कडा फुगून ३ मिमीची २.६ झालीय. जिथे पडलं तिथे शीटच वर आलीय, हाताला उंचवटा लागतो. गाडी ढकलून पाहिली तर पातं अडकतं.

सुतारकाकांनी बघितलं, मला काही बोलले नाहीत. त्यांनी दाखवलेली दुरुस्ती: दोन दिवस हॅलोजन आणि पंखा लावून कोरडं करायचं. मग जुन्या हॅक्सॉ ब्लेडवर पॉलिश पेपर गुंडाळून खाचेच्या दोन्ही कडा घासायच्या, एकेक फूट. मग सँडिंग सीलरमध्ये अर्धा थिनर घालून पातळ करायचा आणि चित्रकलेच्या बारीक ब्रशने खाचेच्या आत तीन हात द्यायचे. शीटची खालची बाजू आणि चारही कडाही सील करायच्या. लोक वरची बाजू रंगवतात आणि खालची तशीच सोडतात, दमट हवा तिथूनच आत शिरते.

सत्तावीस मीटर खाच हाताने घासली. सहा संध्याकाळी गेल्या. पाणी पडलेला दोन फुटांचा तुकडा कापून नवा बसवला. हॅलोजन, सीलर, थिनर, रंग आणि तो तुकडा मिळून एचडीएचएमआरमध्ये वाचवलेल्या पैशांतले जेमतेम काही शे उरले.

८ जून

तांब्याची पट्टी लावली. ६ मिमी रुंद, दोन खाचांना चार पट्ट्या, म्हणजे ५४ मीटर. तीस मीटरचे दोन रोल, ७०० रुपयांना एक. सोमवारी जाऊन पाहतो तर वळणांवर पट्टी सगळीकडे उचललेली. सीलरचा शेवटचा हात पूर्ण वाळला नव्हता, आणि पट्टी मी ओढून ताणून लावली होती. ताणलेली पट्टी वळणावर परत सरळ व्हायला बघते.

सगळी काढली, १४०० रुपये वाया. दुसऱ्या वेळी चार दिवस वाळू दिलं, थिनरच्या फडक्याने पुसलं, पट्टी न ताणता टेकवत नेली आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबून बसवली. अजून टिकली आहे.

१५ जून

गाड्या आल्या. ताई परदेशातून येताना चार घेऊन आली: दोन एम३, दोन फोर्ड सिएरा. प्रत्येकी ५४०० रुपये पडले. पाचवी हवी होती होल्डन कमोडोर. तिचं कवच थ्रीडी प्रिंट करून घेतलं, खाली सुटे भाग जोडून चेसी केली. दोन्ही मिळून ३४००. पहिली प्रिंट तीन मिमीने रुंद आली, दुसरी बरोबर.

वाटणी: मुलगी आणि शेजारचा मुलगा एम३, मी आणि भाचा सिएरा, सुतारकाका कमोडोर.

या गाड्यांना पोटाशी चुंबक असतो. तयार प्लास्टिक ट्रॅकच्या लोखंडी पट्टीला तो धरतो, तांब्याला धरत नाही. त्यामुळे लाकडी ट्रॅकवर गाड्या बर्फावर सोडल्यासारख्या घसरतात. चुंबक काढून टाकला आणि वजन घातलं. चेंदणी कोळीवाड्याच्या बाजूला जाळ्याला लावायचं शिसं मिळालं. ते चपटं ठोकून दुहेरी टेपने चेसीत चिकटवलं. मुलं हाताळणार म्हणून वरून रंगाचा हात दिला आणि हात धुवायला लावतो.

माझ्या सिएराचं पुढचं चाक वळणावर कवचाच्या चाकावरच्या कमानीला घासत होतं. कानशीने दोन्ही कमानी आतून एकेक मिमी घासल्या. आता मोकळं फिरतं.

२२ जून

सुरुवातीच्या रेषेवर १२.१ व्होल्ट, डोंगराच्या माथ्यावर गाडी चालू असताना ९.६. मी आधी एसएमपीएसला (ट्रॅकला १२ व्होल्ट देणाऱ्या डब्याला) दोष दिला आणि दुसरा आणायला निघालो होतो. भाच्याने मल्टिमीटर घेऊन पट्टीच्या प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे मोजलं. दोष जोडांत होता. एक पट्टी दुसरीवर चिकटवली की मधे गोंद राहतो, आणि त्यातून वीज नीट जात नाही. सगळे जोड सोल्डर केले. शिवाय खालून दीडची वायर फिरवून चार ठिकाणी पट्टीला वीज दिली. आता माथ्यावर ११.७.

दोन खाचांना दोन वेगळे एसएमपीएस ठेवा. एकावर दोन्ही चालवल्या तर शेजारची गाडी बाहेर पडली की आपली अचानक पळते.

२९ जून

फेऱ्या मोजायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड. खाचेच्या तळाशी प्रकाश ओळखणारा सेन्सर, वर छोट्या पुलावर इन्फ्रारेड दिवा. पातं वरून गेलं की प्रकाश अडतो, फेरी मोजली जाते. सगळं मिळून ६२० रुपये. दुपारी ठीक चाललं, पाच वाजता फेऱ्या गळायला लागल्या. तासभर प्रोग्राम तपासला. मुलीने खिडकीकडे बोट दाखवलं. मधेच ऊन पडलं होतं आणि ते तिरकं थेट सेन्सरवर येत होतं. पातं दिवा अडवतं, ऊन अडवत नाही. पुलाला दोन्ही बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याच्या भिंती केल्या आणि खिडकीला गोणपाट लावलं.

१३ जुलै

नियमांचा कागद आज भिंतीवर लावला. अक्षर मुलीचं, मजकूर माझा.

वजन: एम३ किमान ८५ ग्रॅम, सिएरा आणि कमोडोर किमान ९२. कवचाला कानस, कटर किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही. टायर वरून पाहिला तर कमानीबाहेर दिसायला नको. शर्यतीनंतर पहिल्या तिघांची तपासणी, आणि तपासणीत नापास गाडीचा निकाल रद्द. गुण २०, १५, १२, १०, ८.

सगळे दोन्ही खाचांवर सारख्याच फेऱ्या मारणार. बाहेरची खाच लांब असते, आणि फरक किती ते सहज काढता येतं: खाचांमधलं अंतर ९ सेंटिमीटर, त्याला ६.२८ ने गुणायचं, साडेछप्पन्न सेंटिमीटर. साडेतेरा मीटरमागे चार टक्के. सरावात मी सतत आतल्या खाचेवर होतो आणि मला वाटत होतं माझी गाडी चांगली जमलीय.

वजनासाठी एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा आणि बारीक मापं घ्यायला एक व्हर्निअर घेतला, १२५० रुपये. या प्रकल्पात सगळ्यात उपयोगी पडलेली खरेदी हीच.

२० जुलै, माँझा

२२ मार्च १९८७ ला खऱ्या माँझात पहिल्या सहा क्रमांकांवर एम३ होत्या. तपासणीत त्यांच्या बॉडीचे भाग मंजूर नमुन्यापेक्षा हलके निघाले आणि सहाही गाड्या बाद झाल्या. रस्त्यावर सातवी आलेली अॅलन मॉफेट आणि जॉन हार्वे यांची कमोडोर विजेती ठरली. जगाच्या दुसऱ्या टोकावरून स्वतःच्या हिमतीवर आलेले दोघे ऑस्ट्रेलियात रुळलेले ड्रायव्हर. मी ही गोष्ट मुलांना शर्यतीआधीच सांगितली.

आमच्याकडे भाचा जिंकला, स्वच्छ जिंकला. काट्यावर गाडी ८८ ग्रॅम. चार ग्रॅम कमी.

तो म्हणाला, "मामा, मी काही काढलेलं नाही. शिसं पडलं असणार." मलाही ते खरं वाटत होतं, कारण दुहेरी टेप मीच लावली होती आणि या हवेत ती सुटते. ट्रॅकखाली शोधलं, सापडलं नाही. चौघंही माझ्याकडे बघत होते. मी निकाल रद्द केला. वजन म्हणजे वजन, कशामुळे कमी झालं ते काटा विचारत नाही, असं मी त्याला सांगितलं. तो न जेवता घरी गेला.

मुलगी पहिली, सुतारकाका दुसरे.

२७ जुलै, हारामा

शिशाचा तुकडा सापडला, डोंगराच्या मागे चौकटीच्या खोबणीत. टेपला चिकटलेला होता. भाच्याला दाखवला. निकाल बदलला नाही, पण त्याची माफी मागितली. आता सगळं शिसं दोन भागांच्या इपॉक्सीने बसवलंय. वजन शर्यतीआधीही करायचं, हा नियम वाढवला. तो पहिल्या दिवसापासून हवा होता.

३ आणि १० ऑगस्ट, दिजाँ आणि न्युरबर्गरिंग

बिनतक्रार. दमट हवेत तांब्यावर काळपट थर येतो, तो शर्यतीआधी खोडरबराने घासून काढायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचं. पॉलिश पेपर लावू नका, पट्टी मुळात कागदासारखी पातळ असते.

१७ तारखेला शर्यत ठेवली नाही. आदल्या दिवशी दहीहंडी होती, भाच्याचं पथक रात्री उशिरापर्यंत फिरत होतं.

२४ ऑगस्ट, स्पा

खऱ्या शर्यतीच्या चोवीस तासांऐवजी चोवीस मिनिटं, दर खाचेवर बारा. चोवीस मिनिटं ऐकायला कमी वाटतात, पण स्लॉट कारची मोटर इतका वेळ सलग चालवायला बनलेली नसते. पंधराव्या मिनिटाला माझ्या सिएराचा वास यायला लागला. पात्याच्या दोन बाजूंना तांब्याच्या बारीक तारांच्या वेण्या असतात, त्या झिजून पट्टीला नुसत्या टोकाने लागत होत्या, म्हणून ठिणग्या आणि उष्णता. थांबून बदलायला मला पावणेदोन मिनिटं लागली. शेजारच्या मुलाने एम३ च्या वेण्या शर्यतीआधीच नव्या घातल्या होत्या, तो एकदाही थांबला नाही आणि जिंकला. १९८७ मध्येही स्पाला एम३ च जिंकली होती: मार्टिन, थेज आणि व्हान द पूल.

त्यानंतर गणपती. दोन रविवार गाळा बंद. परत आलो तेव्हा एका जोडाशी शीट केसभर वर आली होती. खालून स्क्रू कसून खाली बसवली.

१४ आणि २१ सप्टेंबर, ब्रनो आणि सिल्व्हरस्टोन

ऑगस्ट १९८७ मध्ये सिएराच्या आरएस ५०० रूपाला मान्यता मिळाली. सुधारित रूपाचे ५०० नग काढले की ते चालत असे, नावातले ५०० तेच. म्हणून ब्रनोपासून आमच्या दोन्ही सिएरांना जास्त वेगाने फिरणाऱ्या मोटरी घातल्या. सरळ रस्त्यावर त्या एम३ ला धरूच देत नाहीत, पण उतारावरून वळणात शिरताना आधी ट्रिगर सोडावा लागतो. मुलगी तिथेच वेळ भरून काढते. ब्रनोत मी पहिला, सिल्व्हरस्टोनला ती.

५ ऑक्टोबर, बाथर्स्ट

या फेरीसाठी सगळा ट्रॅक बांधला. खऱ्या शर्यतीत १६१ फेऱ्या, हजार किलोमीटर. आमच्याकडेही १६१ च. सात सेकंदांची फेरी धरली तर एकोणीस मिनिटं. दोघं दोघं करून संध्याकाळ जाणार होती, म्हणून पावभाजी गाळ्यावरच केली.

मी आयुष्यात इतकी चांगली गाडी कधी चालवली नाही. १६१ फेऱ्यांत दोनदाच बाहेर. भाच्याच्या चार फेऱ्या आधीच संपवल्या. सुतारकाका तिसरे.

तपासणी मुलीकडे होती. वजन ९३, ठीक. मग तिने टायरला व्हर्निअर लावला, तोही ठीक. मग गाडी उलटी करून कमानींकडे बघत बसली, आणि भाच्याची सिएरा शेजारी ठेवली. माझ्या कमानी भाच्याच्या कमानींपेक्षा एकेका मिमीने उघड्या.

"बाबा, हे फॅक्टरीतून असं आलंय का?"

मला खरोखर आठवत नव्हतं. मी म्हटलं, असेल, दोन गाड्या सारख्या येतात असं नाही. तिने भिंतीवरच्या खिळ्याची वही काढली. ही वही, ज्यातून या नोंदी उतरवतोय. १५ जूनचं पान. कानशीने दोन्ही कमानी आतून एकेक मिमी घासल्या.

तेव्हा नियम नव्हते, ते महिन्याभराने लिहिले, असं म्हणता आलं असतं. भाचा गप्प उभा होता, काही बोलला नाही, आणि त्यामुळेच मला जुलैतला तो रविवार आठवला. माझं चाक घासत होतं म्हणून मी कानस लावली, जिंकण्यासाठी नाही. त्याचंही शिसं टेपमुळे पडलं होतं. कमान उघडी आहे म्हणजे उघडी आहे. मीच निकाल रद्द लिहिला आणि खाली सही केली.

१९८७ च्या बाथर्स्टला हेच झालं होतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. फोर्डचा संघ चालवणाऱ्या रूडी एगेनबर्गर यांच्या दोन सिएरा पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पुढच्या चाकांच्या कमानी नियमाबाहेर निघाल्या, आणि बराच काळ वाद चालून शेवटी दोन्ही बाद झाल्या. विजय ऑस्ट्रेलियन ड्रायव्हर पीटर ब्रॉककडे गेला. त्याची मूळ ०५ क्रमांकाची गाडी इंजिन गेल्याने सुरुवातीलाच बंद पडली होती, तेव्हा तो संघाच्या दुसऱ्या, १० क्रमांकाच्या कमोडोरमध्ये बसला आणि डेव्हिड पार्सन्स, पीटर मॅक्लिओड यांच्यासह पावसात तिसरा आला. बाथर्स्टवरचा तो त्याचा नववा विजय. मासिकातला त्या ओल्या गाडीचा फोटो मी शंभर वेळा पाहिला असेन. बाद झालेल्या गाडीच्या बाजूने तो प्रसंग कसा असतो, हे आज पहिल्यांदा समजलं.

भाचा पहिला, सुतारकाका दुसरे, मुलगी तिसरी.

६ ऑक्टोबर

माझ्या सिएरासाठी नवं कवच मागवलं, १९०० रुपये. आधीच्या फेऱ्यांचं काय, हा प्रश्न मुलीने रात्री विचारला. १३ जुलैला नियम लागले आणि तेव्हापासून मी याच कवचावर पळालो. ब्रनोचा विजयही त्यातच. त्या फेऱ्यांनंतर तपासणी झाली होती आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पाचही जणांनी बसून ठरवलं: तपासून जाहीर झालेला निकाल परत उघडायचा नाही. मला ते पटलं नाही, मी एकटा विरोधात होतो. ब्रनोचे वीस गुण माझ्या नावावर आहेत आणि ते मला नको आहेत.

१२ ऑक्टोबर, काल्डर

खऱ्या शर्यतीत रस्त्याचा ट्रॅक आणि नवा लंबगोल थंडरडोम जोडून पळाले होते. आमच्याकडे लंबगोल करायला जागा नाही. नेहमीच्या ट्रॅकवरच पळालो. नवं कवच आलेलं नाही, मी घड्याळ धरलं.

२६ ऑक्टोबर, वेलिंग्टन

दिवाळीनंतरची पहिली शर्यत, आणि योगायोगाने १९८७ चीच तारीख. ऑक्टोबरच्या उन्हाने शीट आता आकसल्या. दोन शीटच्या जोडात एक मिमीची फट पडली आणि तिथे तांब्याची पट्टी तुटली. पावसाळ्यात सगळं घट्ट बसवलं त्याचा हा परिणाम. जोडावर पट्टी सलग नेऊ नका. तिथे मुद्दाम तोडून दोन्ही टोकं खाली वळवा आणि खालून लवचिक वायरने जोडा, म्हणजे शीट फुगो की आकसो. तासभर दुरुस्ती केली, मग शर्यत.

मुलगी जिंकली. ती भाच्यापेक्षा सात गुणांनी पुढे.

१६ नोव्हेंबर, फुजी

१९८७ चा शेवटही फुजीला, १५ नोव्हेंबरला. सिएराचे ड्रायव्हर लुडविग आणि नीडझ्वीट्झ ती शर्यत जिंकले आणि अजिंक्यपद एका गुणाने हरले. एम३ चा रॉबर्तो राव्हालिया विजेता ठरला.

गणित साधं होतं. भाचा जिंकला तर मुलीला दुसरं यायलाच हवं. शर्यतीआधी सगळ्या गाड्यांची तपासणी झाली, माझ्या नव्या कवचाची दोनदा, मीच मागून घेतली. भाचा पहिल्या फेरीपासून पुढे होता. मुलगी आणि सुतारकाका यांच्यात शेवटपर्यंत अर्ध्या फेरीचा फरक होता, आणि चेसच्या वळणावर काकांची कमोडोर बाहेर पडली. मुलगी दुसरी आली. तपासणीत तिघंही पास. दोन गुणांनी ती विजेती. भाच्याने हिशेब स्वतः करून वहीत लिहिला. मग त्याने माँझाच्या रद्द निकालाच्या जागी वीस गुण धरून बेरीज किती झाली असती तेही पाहिलं. मला दाखवलं नाही, पण पेन्सिलचे आकडे दिसत होते.

२३ नोव्हेंबर

ट्रॅक उतरवला. एकूण खर्च ४८,५३० रुपये, त्यात निम्म्याहून जास्त गाड्यांचे. वेळ मोजला नाही, पण मे आणि जूनमधल्या चाळीसेक संध्याकाळी नक्की गेल्या.

शीट सुतारकाकांच्या माळ्यावर उभ्या ठेवल्या आहेत, आडव्या ठेवल्या तर वाकतात. पुढच्या वर्षी वरच्या वळणांची शीट एचडीएचएमआरमध्ये नव्याने मारायची, पट्टीची आखणी जपून ठेवली आहे. कमानी तपासायला भाच्याने अॅक्रिलिकची मापपट्टी कापून घेतली: एका बाजूला एम३, दुसऱ्या बाजूला सिएरा, कमानीवर टेकवली की फट दिसते. कुणाला हवी असेल तर माप: सिएराच्या पुढच्या कमानीची रुंदी २१.५ मिमी, आमच्या न घासलेल्या गाडीवर तीन वेळा मोजलेली.